ओढ्याकाठी दिवसभर: रानफुलं, दऱ्या आणि वाहतं पाणी टिपताना कामाचा क्रम

डोंगरातल्या ओढ्याकाठी कॅमेरा घेऊन गेलेल्यांचे फोटो पाहिले की त्याच तीन तक्रारी पुन्हा पुन्हा दिसतात. पाणी पांढरंफटक झालेलं. फूल हललेलं. आणि ज्या धबधब्यासाठी एवढी पायपीट केली, त्याच्या फोटोत अर्ध्या भागात रखरखीत ऊन, अर्ध्यात काळोख. मग नव्या लेन्सचा विचार सुरू होतो. बहुतेक वेळा लेन्सचा काही दोष नसतो. वाटेत जे ज्या क्रमाने दिसलं ते त्याच क्रमाने टिपत गेलं, की हेच होणार.

ओढ्याकाठी कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर, हे दोन गोष्टींवर ठरतं: दरीच्या तळाशी ऊन कधी उतरतं आणि वारा कधी सुटतो. सकाळी लवकर हवा बहुधा स्थिर असते. ऊन चढून उतार तापले की दरीतून वरच्या दिशेने वारा वाहू लागतो आणि देठावरचं प्रत्येक फूल डोलायला लागतं. पाण्याला वाऱ्याचं फारसं काही नाही. त्याला सावली लागते. म्हणून सर्वसाधारण क्रम असा: जाताना फुलं, मधल्या उन्हात चाल आणि पाहणी, परतताना पाणी. हा क्रम कधी उलटा करायचा तेही पुढे येईलच.

## टप्पा १: घरी बसून दरी वाचा

समोच्च रेषांचा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा आणि उपग्रहाचं चित्र शेजारी शेजारी उघडा. ओढा ओलांडताना समोच्च रेषांची टोकं उगमाकडे वळतात, त्यामुळे पाणी कुठून कुठे वाहतं ते लगेच कळतं. रेषा जिथे एकमेकींना चिकटून ओढ्यावर आडव्या येतात तिथे कडा किंवा धबधबा असण्याची शक्यता जास्त. त्या जिथे विरळ होतात तिथे सपाटी, डोह, ओलसर गवत. फुलं बहुधा अशाच जागी भरपूर मिळतात. अशा चार-पाच जागांवर खुणा करून ठेवा.

आता दरीचं तोंड कुठे आहे ते पाहा. पूर्वेकडे उघडणाऱ्या दरीत ऊन लवकर येतं आणि दुपारनंतर लवकर जातं. तिथे पाण्याचं काम दुपारनंतर. पश्चिमेकडे उघडणाऱ्या दरीत ऊन उशिरा उतरतं आणि संध्याकाळपर्यंत रेंगाळतं. तिथे पाण्याची सावली सकाळीच मिळते, त्यामुळे एखादा महत्त्वाचा धबधबा सकाळीच उरकावा लागतो. उत्तर-दक्षिण धावणाऱ्या अरुंद घळीत ऊन जेमतेम माध्यान्हीच्या आगेमागे तळाला लागतं. अशी घळ मिळाली तर दिवसाची दोन्ही टोकं तुमची. पूर्व-पश्चिम दरी असेल तर उत्तर गोलार्धात दक्षिणेकडच्या काठावर सावली जास्त वेळ टिकते. सूर्याची दिशा आणि उंची दाखवणारी मोबाइल अॅप आहेत. त्यावर अंदाज घेता येतो, पण समोरचा डोंगर किती उंच आहे हे लक्षात घ्यायला विसरू नका. सूर्योदयाची छापील वेळ दरीच्या तळाला लागू होत नाही.

मग वेळेचं गणित. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही वापरला जातो: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. पाच किलोमीटर वाट आणि ३०० मीटर चढ असेल तर दीड तास. पण हा वेळ न थांबता चालणाऱ्याचा. फोटो काढणाऱ्याने त्याच्या अडीच ते तीन पट धरावा, म्हणजे इथे साधारण चार ते साडेचार तास.

यानंतर परतीची वेळ ठरवा, आणि ती मागून मोजत या. समजा सूर्यास्त साडेसहाला आहे आणि साडेपाचला वाट संपवायची आहे. परतीच्या चालीला दीड तास, परतताना पाण्याच्या फोटोंना दोन तास. म्हणजे दोन वाजता जिथे असाल तिथून मागे वळायचं, मग धबधबा शंभर पावलांवर का असेना. हा आकडा कागदावर लिहा आणि सोबत्यांनाही सांगा. ऐन वेळी कुणी तरी ‘अजून दहा मिनिटं’ म्हणतंच, आणि दरीत अंधार माथ्यापेक्षा बराच आधी पडतो.

तपासणी: फक्त गंतव्याचा अंदाज पाहू नका, ओढा जिथून येतो त्या वरच्या भागातल्या पावसाचा अंदाज पाहा. दुपारी गडगडाटी पाऊस सांगितला असेल किंवा ओढा बर्फाच्या पाण्यावर चालणारा असेल, तर क्रम उलटा करा. बर्फाच्या ओढ्याला दिवस तापल्यावर पाणी वाढतं, सकाळी ते सर्वांत कमी असतं. अशा ठिकाणी ओढा ओलांडण्याची आणि पाण्याच्या फोटोंची कामं सकाळीच उरकून दुपारपूर्वी काठ सोडायचा.

## टप्पा २: सामान कमी, पण नेमकं

लोक पाच लेन्स नेतात आणि तिसऱ्या तासाला एकही काढावीशी वाटत नाही. दोन लेन्स पुरतात: एक रुंद ते मध्यम झूम आणि एक मॅक्रो (अगदी जवळून लहान वस्तू मोठी टिपणारी) किंवा जवळून फोकस होणारी टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारी). फुलांसाठी मॅक्रो नसली तरी चालतं. सत्तर ते दोनशे मिलिमीटरसारख्या झूमवर एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेरा यांच्या मध्ये बसणारी पोकळ नळी) लावून उत्तम काम होतं.

बाकी यादी:

- जमिनीलगत पाय पसरता येणारा ट्रायपॉड. मधला दांडा काढता किंवा आडवा करता येत असेल तर फारच उत्तम.
- पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर. एकच फिल्टर न्यायचा असेल तर हाच.
- तीन आणि सहा स्टॉपचे एनडी फिल्टर (उजेड कमी करणाऱ्या गडद काचा; एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). दहा स्टॉपचा घरी ठेवा, ओढ्यावर त्याची गरज जवळपास पडत नाही.
- पातळ पांढरं कापड किंवा घडीचा डिफ्यूझर (ऊन मऊ करणारा पडदा).
- लेन्स पुसायची तीन-चार कापडं, वेगवेगळ्या खिशांत. एक भिजलं की बाकीची ओली बॅग उघडल्याशिवाय मिळाली पाहिजेत.
- घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या, जादा बॅटरी, जादा कार्ड.
- गुडघ्याखाली घ्यायला चटईचा तुकडा. फुलासमोर दहा मिनिटं टिकून राहता येतं ते यामुळेच.

चालण्याच्या सामानात ओल्या दगडावर पकड असलेले बूट, एक काठी, पाऊसकोट, ऊबदार थर, शिटी, प्रथमोपचार, डोक्याला लावायची विजेरी आणि पुरेसं पाणी. उंचीनुसार तापमान दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंशांनी घटतं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण रात्रीची थंड जड हवा ओघळून दरीच्या तळाशी साचते, त्यामुळे पहाटे ओढ्याकाठी वरच्या उतारापेक्षाही जास्त गारठा असतो, हे लक्षात राहत नाही. गारठलेल्या बोटांनी फोकस नीट लागत नाही.

नकाशा मोबाइलमध्ये आधीच उतरवून घ्या. दरीत नेटवर्क नसतं. जीपीएस चालतं, पण उंच कड्यांच्या मध्ये ते थोडं भरकटू शकतं. कुठल्या वाटेने जाणार, किती वाजेपर्यंत परत येणार आणि न आल्यास काय करायचं, हे घरी कुणाला तरी लेखी देऊन ठेवा.

सावध: ओढ्याचं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी तसंच पिऊ नका. वर कुठे जनावर मरून पडलं असेल ते आपल्याला दिसत नाही. पाणी उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळतं ठेवा. २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानाला उकळतं.

## टप्पा ३: पहिलं पाऊल टाकण्याआधी कॅमेऱ्याच्या सेटिंग्ज

वाटेच्या सुरुवातीला पाच मिनिटं थांबून हे करा. फूल समोर आल्यावर मेनू शोधत बसलं की हमखास काही तरी राहतं.

फाइल रॉमध्ये, म्हणजे सेन्सरची कच्ची माहिती जपणाऱ्या प्रकारात ठेवा. सावलीतल्या ओढ्यावर वरून निळ्या आकाशाचा उजेड पडतो आणि फेस निळसर होतो. रॉ असेल तर तो नंतर सहज सुधारता येतो. जेपेगच काढत असाल तर व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ‘शेड’ किंवा ‘क्लाउडी’वर ठेवा. हिस्टोग्राम (फोटोत उजेड कसा वाटला गेला ते दाखवणारा आलेख) लाल, हिरव्या, निळ्या अशा तिन्ही रंगांचा वेगवेगळा दिसेल असं करा. पिवळ्या आणि लाल फुलांत एकूण हिस्टोग्राम ठीक दिसतो, पण लाल रंग केव्हाच टोकाला जाऊन बसलेला असतो. मग पाकळीतल्या शिरा नाहीशा होतात आणि तिथे सपाट रंगाचा डाग उरतो.

मोबाइलवर काढणाऱ्यांनी स्क्रीनवर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) लॉक कसं होतं, आणि एक्स्पोजर खाली कसं ओढायचं, हे घरीच सरावून घ्यावं.

तपासणी: कालचं आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) राहून गेलं नाही ना? लेन्सवर बोटाचा ठसा? कार्ड रिकामं?

## टप्पा ४: जाताना फुलं

हा भाग सर्वांत नाजूक आहे. इथे वेळ द्या.

वाटेत दिसलेल्या पहिल्याच फुलासमोर बसू नका. एकाच जातीची पाच-सात झाडं पाहा आणि त्यातलं फोटोसाठी योग्य निवडा. योग्य म्हणजे काय? पाकळ्या शाबूत, आजूबाजूला मोकळी जागा, आणि मागची पार्श्वभूमी निदान दोन-तीन हात लांब. यातलं शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. अगदी देखणं फूलसुद्धा मागे वाळक्या काड्यांचं जाळं असेल तर हरतं. डोळे फुलाच्या उंचीवर आणा, मगच मागे काय दिसतं ते पाहा. उभ्याने खाली कॅमेरा रोखून काढलेल्या फोटोत पार्श्वभूमी नेहमी जमीनच असते, आणि ती फुलाला चिकटलेली असते.

शंभर ते दोनशे मिलिमीटरची लेन्स इथे फार मदत करते. तिच्यात मागचा पट्टा अगदी अरुंद दिसतो, त्यामुळे कॅमेरा चार बोटं डावीकडे सरकवला की मागचा उजळ दगड निघून जातो आणि जागी गडद सावली येते. फोटो काढण्याआधी हे सरकवणं सावकाश करून पाहा. फुलाकडे पाहू नका. व्ह्यूफाइंडरच्या चारी कडा पाहा.

फोकस कुठे? सर्वसाधारणपणे पुंकेसरांवर. खोली, म्हणजे धारदार दिसणाऱ्या भागाची जाडी, फार कमी मिळते हे गृहीत धरा. एफचा आकडा जितका मोठा तितकं लेन्सचं छिद्र लहान आणि खोली जास्त. फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर मॅक्रो लेन्सने एकास एक प्रमाणात, म्हणजे सेन्सरवर फूल खऱ्या आकाराएवढं उमटेल असा, फोटो काढताना एफ/८ ला धारदार दिसणारी जाडी जेमतेम एक मिलिमीटर असते. म्हणून लोक एफ/२२ ला जातात, आणि तिथे डिफ्रॅक्शनमुळे (लहान छिद्रातून उजेड पसरल्यामुळे) सगळाच फोटो मऊ पडतो. एकास एकला एफ/८ प्रत्यक्षात एफ/१६ सारखं वागतं, हे विसरून चालत नाही. त्यापेक्षा फुलाचा जो भाग धारदार हवा तो पूर्ण भाग सेन्सरला समांतर येईल असा कॅमेरा वळवा. चपट्या फुलासमोर कॅमेरा सरळ समोर, लांबट तुऱ्यासमोर बाजूने. एवढ्यानेच बऱ्याचदा काम होतं. हवा अगदी निश्चल असेल तरच वेगवेगळ्या फोकसचे फोटो काढून जोडायच्या भानगडीत पडा.

वाऱ्याचं: शटर स्पीड १/२५० सेकंदाच्या खाली नेऊ नका, हवं तर आयएसओ ८०० किंवा १६०० करा. त्याने फोटोत येणारा थोडा दाणेदारपणा परवडतो, हललेलं फूल नाही. झुळूक आली की देठ झोका घेतो, आणि झोक्याच्या दोन्ही टोकांना तो क्षणभर थांबतो. नेमक्या त्या थांब्यावर फोकस ठेवून तीन-चारच्या मालिकेत फोटो घ्या. एक तरी स्थिर मिळतो. झुळकांच्या मध्ये बरेचदा काही सेकंदांची उसंत असते. तिच्यासाठी थांबायचं, आणि आधी चौकट पूर्ण जुळवून बोट बटणावर ठेवायचं. वाऱ्याच्या बाजूला बॅग किंवा उघडी छत्री ठेवली तरी पुष्कळ फरक पडतो.

फुलावर थेट ऊन पडलं असेल तर फूल आणि सूर्य यांच्या मध्ये पातळ पांढरं कापड धरा. पण पार्श्वभूमीवरही सावली येते आहे ना ते पाहा, नाही तर मऊ उजेडातलं फूल आणि मागे चकाकणारं गवत असा विजोड फोटो येतो. स्वतःच्या अंगाची सावली हा सर्वांत सोपा डिफ्यूझर आहे. मात्र ती पूर्ण पडली पाहिजे, अर्धवट नाही. मोबाइलची मॅक्रो सोय फुलाच्या इतक्या जवळ नेते की फोनचीच सावली त्यावर पडते. त्यापेक्षा थोडं मागे येऊन दोन किंवा तीन पट झूम वापरा.

उमलण्याच्या वेळाही सांभाळाव्या लागतात. केना या रानवनस्पतीचं निळं फूल दुपारपर्यंत मिटून जातं. आंबुशी कमी उजेडात मिटलेली असते, ती ऊन आल्यावरच उघडते. म्हणजे पहिल्याच्या समोर सकाळी थांबायचं आणि दुसरीची जागा नोंदवून पुढे जायचं.

शेवटी, ओळख पटवायला लागणारे फोटो. एका सुंदर क्लोज-अपवरून कुठलं फूल आहे हे सांगणं तज्ज्ञालाही अवघड जातं. प्रत्येक नव्या फुलाचे पाच फोटो घ्या: फूल समोरून, फूल बाजूने आणि खालून, पान दोन्ही बाजूंनी, देठ आणि त्यावर पानं कशी बसली आहेत ते, आणि संपूर्ण झाड त्याच्या जागेसह. शेजारी बोट किंवा पेनचं टोपण ठेवून एक आकारासाठी. हे फोटो देखणे नसले तरी संध्याकाळी यांचाच आधार असतो.

सावध: फूल खुडू नका, मध्ये येणारं गवत उपटू नका. दोऱ्याने हलकेच बाजूला बांधा आणि निघताना सोडा. बसण्याआधी गुडघा कुठे टेकतो ते पाहा. हव्या त्या एका फुलासाठी शेजारची दहा रोपं चिरडलेली मी पाहिली आहेत आणि ते पाहून फार वाईट वाटतं. ओढ्याकाठचं शेवाळ एकदा बुटाखाली खरवडलं गेलं की भरून यायला फार काळ लागतो. दुर्मीळ फूल दिसलं तर फोटोतलं जीपीएस बंद करा आणि जागा जाहीर करू नका.

## टप्पा ५: मधल्या उन्हात

वारा सुटला आणि ऊन तळाला लागलं की फुलं आणि पाणी दोन्ही बाजूला ठेवा. हा वेळ चालायला, खायला आणि परतीच्या जागा हेरायला आहे. प्रत्येक डोहाशी, प्रत्येक उडीशी थांबून मोबाइलवर एक साधा फोटो घ्या. चौकट कुठून चांगली दिसेल, सावली कोणत्या बाजूने येईल, ट्रायपॉड ठेवायला जागा आहे का, एवढं टिपून ठेवलं की परतताना नुसतं जाऊन उभं राहायचं असतं.

या उन्हात एक गोष्ट मात्र चांगली निघते: पाठीमागून उजेड आलेली पानं आणि पातळ पाकळ्या. मागे सावलीतला कडा असेल तर त्या स्वतःच उजळल्यासारख्या दिसतात.

रुंद दृश्य काढायचं तर ढगाची वाट पाहा. एक ढग सूर्यासमोरून जाताना पूर्ण दरी एकसारख्या उजेडात येते, आणि तेवढा वेळ पुरतो. आकाश पांढरं असेल तर ते चौकटीत घेऊच नका. दरीच्या फोटोत आकाश असलंच पाहिजे असा कुठे नियम नाही, आणि वरची पांढरी पट्टी डोळा ओढून नेते. क्षितिज दिसत नसलं की चौकट तिरकी होते, कारण उतरत्या काठाला आपण आडवी रेषा समजतो. कॅमेऱ्यातली पातळी दाखवणारी रेषा चालू ठेवा, आणि झाडांच्या बुंध्यांवरून पडताळून पाहा.

समोरचा दगड आणि मागचा डोंगर दोन्ही स्पष्ट हवे असतील तर फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरला एफ/११ ठेवून सुमारे पावणेदोन मीटरवर फोकस करा. साधारण नव्वद सेंटिमीटरपासून पुढचं सगळं स्पष्ट येतं. डोंगरावर फोकस केला तर पुढचा दगड मऊ पडतो, ही नेहमीची चूक.

## टप्पा ६: ओढा ओलांडण्याआधी

फोटोचं नाही, पण हे वगळून पुढे जाता येत नाही.

काठावर पोहोचल्याबरोबर पाण्याच्या कडेला एक ओळखीचा दगड ठरवा आणि दर थोड्या वेळाने त्याच्याकडे पाहा. तुमच्या डोक्यावर निळं आकाश असताना वर पाऊस पडलेला असू शकतो. पाणी गढूळणं, काड्या-पानं वाहून येणं, आवाज जड होणं, ठरवलेला दगड बुडणं, यातलं एकही दिसलं तर सामान आवरायला थांबू नका. कॅमेरा ट्रायपॉडसकट उचला आणि आधी उंचावर जा.

ओलांडायला जागा निवडताना अरुंद दिसणारी टाळा. तिथे पाणी खोल आणि वेगवान असतं. रुंद, उथळ, पसरट जागा शोधा. धबधब्याच्या वर कधीही ओलांडू नका. बॅगेचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडा, म्हणजे पडलात तर बॅग टाकून देता येते. तोंड प्रवाहाच्या उगमाकडे, काठी पुढे टेकलेली, एका वेळी एकच पाय हलवायचा. वेगाने वाहणारं वीतभर पाणीसुद्धा माणसाचे पाय उडवू शकतं. गुडघ्यापर्यंत वेगवान पाणी असेल तर परत फिरा. कॅमेरा गळ्यात अडकवून ओलांडू नका; तो पिशवीत बंद करून बॅगेत ठेवा.

दगडावरून दगडावर उड्या मारण्यापेक्षा पाय पाण्यात टाकून तळ चाचपत जाणं बहुतेक वेळा सुरक्षित असतं. काळपट चकाकणारा ओला दगड कोरड्यासारखा धरून चालू नका.

## टप्पा ७: परतताना पाणी

आता दरीच्या तळाला सावली आली आहे आणि जागा आधीच हेरलेल्या आहेत. घाई करायची नाही. दोन तासांत चार चौकटी पुष्कळ झाल्या.

आधी पोलरायझर चढवा आणि कडी हळूहळू फिरवा. ओल्या दगडावरची पांढरी चकाकी विरते आणि खालचा तांबूस-करडा रंग वर येतो, पानांवरची चमक जाऊन हिरवा गडद होतो, उथळ पाण्यातले गोटे एकेक करून दिसू लागतात. पाण्याच्या पृष्ठभागाकडे साधारण ३५ ते ४० अंशांच्या कोनातून पाहताना हा परिणाम सर्वाधिक असतो. सरळ वरून पाहिलं तर जवळजवळ काहीच बदलत नाही. पण सगळी चमक मारू नका. समोरचा उतार अजून उन्हात आणि पाणी सावलीत असेल तर त्या उताराचा सोनेरी रंग डोहात उतरतो. ओढ्यावर मिळणारं सर्वांत सुंदर दृश्य हे, आणि बरेच जण पोलरायझर शेवटपर्यंत फिरवून तेच पुसून टाकतात. अशा वेळी कडी उलट फिरवून प्रतिबिंब राहू द्या.

ट्रायपॉडचे जाड भाग आधी उघडा, बारीक भाग शेवटी. पाय वाहत्या पाण्यात ठेवायचा असेल तर दगडाच्या फटीत घट्ट रोवा आणि वरून दाबून पाहा. पाण्याचा धक्का पायाला बसत राहिला की कंप चित्रात उतरतो. दोन सेकंदांचा टायमर लावा, लेन्समधलं स्थिरीकरण बंद करा, आणि फोटो निघेपर्यंत कॅमेऱ्याचा पट्टा हातात धरा किंवा काढूनच ठेवा. तो वाऱ्यात फडफडतो.

शटर स्पीड हा इथे खरा निर्णय. बहुतेकांना वाटतं जितका लांब तितका सुंदर. तीस सेकंदांत ओढ्याचा आकारच जातो, दगडांवर धुकं पसरल्यासारखं दिसतं. वेगवान पाण्याला पाव ते अर्धा सेकंद, संथ पाण्याला एक-दोन सेकंद. यात धारांच्या रेषा टिकतात आणि प्रवाह कुठून वळतो ते कळतं. डोहात फेस गोल फिरत असेल तर आठ ते पंधरा सेकंद द्या, त्याची वर्तुळं उमटतात. थेंब गोठवायचे तर १/५०० किंवा त्याहून वेगवान. १/६० च्या आसपासचा पट्टा टाळा, तिथे पाणी ना वाहतं दिसतं ना थांबलेलं.

दाट सावलीत आयएसओ १०० आणि एफ/११ ला बरेचदा पाव सेकंद सहज मिळतो. पोलरायझर दीड ते दोन स्टॉप उजेड खातो, म्हणजे तोच एक सेकंदाच्या घरात जातो. एनडी काढायची वेळच येत नाही. मोबाइलवर प्रो मोड असेल तर तिथे शटर धरा आणि फोन दगडावर टेकवा. आयफोनवर लाइव्ह फोटो काढून त्याला नंतर ‘लाँग एक्स्पोजर’ लावता येतो.

एक्स्पोजर नेहमी फेसासाठी मोजा. दगड थोडे काळे आले तर वर काढता येतात, फेस पांढरा झाला की त्यातलं काहीच परत येत नाही. एक फोटो, हिस्टोग्रामची उजवी कड, गरज असेल तर एक स्टॉप खाली, पुन्हा एक फोटो.

शेवटचं: चौकटीतून काय काढायचं ते पाहा. कडेला अर्धी आलेली फांदी, पांढरा वाळका ओंडका, दूरवरचं उन्हाचं चट्टं. डोळ्यांना ते खटकत नाही, फोटोत त्याशिवाय दुसरं काही दिसत नाही.

तपासणी: लेन्सवर तुषार? धबधब्याजवळ प्रत्येक फोटोआधी पुसा. उडालेला थेंब स्क्रीनवर दिसत नाही, घरी मोठं करून पाहिल्यावर दिसतो.

सावध: कॅमेरा पाण्यात पडला तर चालतो का हे पाहायला बटण दाबू नका. बंद करा, बॅटरी आणि कार्ड काढा, झाकणं उघडी ठेवून पुसा आणि दुरुस्तीला नेईपर्यंत चालू करू नका.

## टप्पा ८: घरी आल्यावर, त्याच रात्री

थंड दरीतून उबदार खोलीत येताना कॅमेरा बंद पिशवीतच राहू द्या. खोलीच्या तापमानाला आल्यावर उघडा, म्हणजे बाष्प पिशवीवर धरेल, लेन्सवर नाही. ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून स्वच्छ पाण्याने धुवा आणि उघडेच वाळवा. आत राहिलेली वाळू पुढच्या वेळी सांधे खाते. बुटांचे तळवे घासून धुवा, नाही तर एका ओढ्याकाठचं बी आणि चिखल दुसऱ्या ओढ्याकाठी जातो.

फोटो दोन ठिकाणी उतरवा, कार्ड नंतर पुसा. मग फुलांचे ते पाच-पाच फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये टाका आणि प्रत्येकासमोर तारीख, अंदाजे उंची, जागा कशी होती (ओला दगड, सावलीतलं गवत, उघडा उतार) आणि फूल किती वाजता उमललेलं होतं एवढं लिहा. दरीत ऊन किती वाजता उतरलं आणि किती वाजता गेलं, हेही त्याच वहीत लिहा. पुढच्या वेळी त्याच दरीत जाताना अॅपपेक्षा हीच नोंद जास्त कामाची ठरेल.